डिप्लोमानंतर थेट एसई सिव्हिल: वर्ग सुरू होऊन महिना झालाय, आधी काय हातात घ्यावं?

थेट_दुसऱ्यात (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सिव्हिलचा डिप्लोमा करून डीएसईतून (डिप्लोमावाल्यांचा थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश) एसईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, प्रवेश मिळालाय. प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत कॉलेजात पहिला महिना शिकवून झाला. या सत्रात एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर), स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (सॉम), फ्लुइड, सर्व्हेइंग, काँक्रीट टेक्नॉलॉजी आणि जिऑलॉजी आहे.

नेमकं विचारायचंय ते असं:

१) एम-वन, एम-टू झालेलंच नाही. एम-थ्रीसाठी त्यातलं सगळं करावं लागेल की काही भाग पुरेल?
२) सॉम, सर्व्हे, काँक्रीट डिप्लोमाला होतंच. तेच परत असेल तर त्यांची लेक्चर सोडून तो वेळ गणिताला दिला तर चालेल का?
३) बरोबरची मुलं स्टॅडचा (स्ट्रक्चरचा हिशेब करायचं सॉफ्टवेअर) क्लास लावतायत. आत्ताच लावावा का?

"मेहनत कर, सगळं होईल" हे ऐकून झालंय. नेमकं काय करायचं ते सांगा.

---

शेषपद

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

एम-वन, एम-टू सगळं करू नकोस, वेळच नाही. प्रत्येक विद्यापीठाची एम-थ्रीची विभागणी थोडी वेगळी असते, पण सिव्हिलला बहुतेक ठिकाणी लिनिअर डिफरन्शिअल इक्वेशन्स (एलडीई), न्यूमरिकल मेथड्स, स्टॅटिस्टिक्स-प्रॉबॅबिलिटी आणि व्हेक्टर कॅल्क्युलस एवढं येतं. त्यासाठी मागचं एवढंच लागतं: पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स (एकदाच नाही, लागोपाठ दोन-तीनदा करायची साखळी पद्धत), पार्शल डिफरन्सिएशन, आणि कॉम्प्लेक्स नंबरमधलं "ई चा आय थीटा घात म्हणजे कॉस थीटा अधिक आय साइन थीटा". डबल इंटिग्रल व्हेक्टर कॅल्क्युलसला लागेल, ते तेव्हा बघ. रोज दोन तास दिलेस तर दहा-बारा दिवसांचं काम आहे.

डीएसईची मुलं अडकतात ती एलडीईच्या पर्टिक्युलर इंटिग्रलला (उजव्या बाजूमुळे येणारा उत्तराचा भाग), आणि तिथेही एकाच जागी. (डी वर्ग + ४) वाय = साइन २एक्स हे गणित घे; डी म्हणजे एक्सच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह. नियम सांगतो की साइन एएक्स असेल तर डी वर्गाच्या जागी उणे ए वर्ग ठेव. इथे डी वर्ग = −४ ठेवलं की छेद शून्य होतो. पोरं इथे थांबतात, किंवा उत्तर "अनंत" लिहून मोकळी होतात. करायचं असं: बाहेर एक्सने गुण आणि छेदाचं डी च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घे. उरलं एक्स गुणिले १/(२डी) साइन २एक्स. १/डी म्हणजे इंटिग्रेशन, म्हणून उत्तर येतं उणे (एक्स कॉस २एक्स) भागिले ४.

उत्तरात बाहेर जो एक्स आला तो नीट बघ. बाहेरून लावलेल्या बलाची आणि रचनेची स्वतःची वारंवारता एकच झाली की आयाम वाढत जातो, त्याचीच ही खूण. भूकंप अभियांत्रिकीत रेझोनन्स म्हणून हेच परत भेटणार आहे. तसंच, वाय चा दुसरा डेरिव्हेटिव्ह अधिक (पी/ईआय) गुणिले वाय = शून्य हे सोडवून दोन्ही टोकांना वाय शून्य ठेवलंस की ऑयलरचा कॉलम फॉर्म्युला, म्हणजे कॉलम ज्या भाराला वाकतो तो भार, निघतो: पाय वर्ग गुणिले ईआय भागिले एल वर्ग (पी भार, ईआय वाकण्यातला कडकपणा, एल लांबी). डिप्लोमाला तो नुसता पाठ असतो.

क्रम: एलडीई, मग न्यूमरिकल, मग स्टॅटिस्टिक्स. व्हेक्टर कॅल्क्युलस शेवटी. न्यूमरिकलला कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे का ते गणित सुरू करायच्या आधी बघ. न्यूटन-रॅफसनमध्ये कॉस एक्स असलेलं समीकरण डिग्री मोडवर सोडवलं तर आकडे व्यवस्थित स्थिरावतात, फक्त भलत्याच मुळावर. चूक झाली हे कळतही नाही.

---

तुळई

दुसऱ्या प्रश्नातल्या सॉमबद्दल. लेक्चर सोडू नका. विषयाचं नाव तेच असलं तरी पेपर तो नसतो. डिप्लोमाला "सूत्र द्या, आकडे टाका" एवढं असतं. इथे भार अर्ध्याच तुळईवर असतो, आधार टोकापासून आत सरकवलेला असतो, आणि शिअर (तुळई कापू पाहणारं बल) कुठे शून्य होतो ते तुम्ही शोधायचं असतं.

एक गणित आत्ताच करून बघा. ६ मीटरची साधी आधारलेली तुळई, डावीकडच्या ३ मीटरवर २० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल (सारखा पसरलेला भार), उजवा अर्धा रिकामा. जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम) किती?

एकूण भार ६० किलोन्यूटन, तो डाव्या टोकापासून १.५ मीटरवर. उजवी रिअ‍ॅक्शन ६० × १.५ ÷ ६ = १५, डावी ४५. आता सवयीने भार जिथे संपतो तिथे, म्हणजे ३ मीटरवर, मोमेंट काढली जाते: १५ × ३ = ४५ किलोन्यूटन-मीटर. चूक. शिअर शून्य होतो ४५ ÷ २० = २.२५ मीटरवर. तिथली मोमेंट ४५ × २.२५ वजा २० × २.२५² ÷ २, म्हणजे १०१.२५ − ५०.६३ = ५०.६२. साडेपाचाहून जास्त किलोन्यूटन-मीटरचा फरक पडला, आणि तोही धोक्याच्या बाजूला. मोमेंटचा उतार म्हणजे शिअर आणि शिअरचा उतार म्हणजे उणे भार, हे नातं डोक्यात असेल तर एसएफडी-बीएमडी (शिअर आणि मोमेंटच्या आकृत्या) पाठ करावं लागत नाही. यूडीएलखाली शिअर सरळ तिरकी रेष, मोमेंट वक्र. भार नसलेल्या भागात शिअर आडवा, मोमेंट सरळ तिरकी. आकृती काढून झाली की चारही गोष्टी जुळतात का बघायचं. पेपर तपासणारेही आधी हेच बघतात.

दुसरं, बेंडिंग स्ट्रेस. ही तुळई पूर्ण भरलेली धरा: २० किलोन्यूटन प्रति मीटर (स्वतःचं वजन धरून), ६ मीटर. मोमेंट डब्ल्यू एल वर्ग भागिले ८, म्हणजे ९० किलोन्यूटन-मीटर. छेद २३० × ४५० मिमी. सेक्शन मॉड्युलस २३० × ४५०² ÷ ६ = ७७,६२,५०० घन मिमी. किलोन्यूटन-मीटरचं न्यूटन-मिमी करताना दहा लाखाने गुणायचं. इथे हजाराने गुणणारे दरवर्षी निघतात. ताण आला ११.६ न्यूटन प्रति चौरस मिमी.

आता आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) उघडा. काँक्रीटची वाकवताना ताणाखाली तग धरायची ताकद ०.७ गुणिले ठरावीक मजबुतीचं वर्गमूळ. एम२० साठी (ठरावीक मजबुती २० न्यूटन प्रति चौरस मिमी) ३.१३. लागणारा ताण ११.६ आणि काँक्रीट तडकतं ३.१३ ला, म्हणजे साधारण एक चतुर्थांश भारावरच तळाला तडा. खालच्या बाजूला सळई का, वर का नाही, आणि कॅन्टिलिव्हरला (एकाच टोकाला धरलेली तुळई) उलट का, हे सगळं या दोन आकड्यांत आहे. तिसऱ्या वर्षी आरसीसीला हीच तुळई परत येते: सुरक्षेसाठी १.५ ने गुणून मोमेंट १३५. फे५०० सळई आणि ४१० मिमी इफेक्टिव्ह खोली (वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत) धरली तर एम२० ची मर्यादा ०.१३३ × २० × २३० × ४१०², म्हणजे १०३ च्याच आसपास. बसत नाही. एक तर खोली वाढवा, नाहीतर वरच्या बाजूलाही हिशेबाची सळई घाला. एकूण खोली ६०० केली (इफेक्टिव्ह ५६०) तर मर्यादा १९२ वर जाते आणि ताणाची सळई लागते सुमारे ६३२ चौरस मिमी. २० मिमीच्या दोन सळया ६२८ भरतात, थोडक्यात कमी. १६ च्या दोन आणि २० ची एक घेतली की ७१६. एसईचं सॉम कच्चं असेल तर टीईला (तिसऱ्या वर्षी) हे गणित पहिल्या ओळीतच अडतं.

मोहर सर्कलला (वेगवेगळ्या प्लेनवरचे स्ट्रेस दाखवणारं वर्तुळ) एकच सूचना: प्रत्यक्षातला कोन सर्कलवर दुप्पट होतो. आणि शिअरची एकच चिन्हपद्धत वर्षभर ठेवा. वर्गातली एक आणि पुस्तकातली दुसरी मिसळली की प्रिन्सिपल स्ट्रेस बरोबर येतात, पण प्लेन भलत्याच दिशेला जातं.

---

क्यूबमोल्ड

काँक्रीटबद्दल तुळईंच्या मताशी अर्धा सहमत. थिअरीची दोन-चार लेक्चर बुडाली तर आभाळ कोसळत नाही, प्रॅक्टिकल मात्र एकही बुडवू नकोस. ओरलला डिप्लोमाची पोरं "सर, हे येतं" म्हणतात आणि "का" विचारलं की गप्प होतात. सिमेंटच्या मॉर्टर क्यूबची बाजू ७०.६ मिमी का? कारण तोंडाचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंमी भरतं. सेटिंग टाइमच्या लगद्यात नॉर्मल कन्सिस्टन्सीच्या (ठरावीक घट्टपणाच्या लगद्याला लागणारं पाणी) ०.८५ पटच पाणी का? कन्सिस्टन्सी काढताना विकॅटचा १० मिमी व्यासाचा प्लंजर तळापासून ५ ते ७ मिमीवर थांबला पाहिजे. तेवढंच पाणी सेटिंगला घातलं तर लगदा सैल राहतो आणि वेळ लांबलेली दिसते. साध्या सिमेंटला इनिशियल सेटिंग ३० मिनिटांपेक्षा कमी नको, फायनल ६०० पेक्षा जास्त नको. दोन्ही आकडे उलटे सांगणारे भरपूर भेटतात.

डिप्लोमाला एम२० म्हणजे १ : १.५ : ३ हे डोक्यात बसलेलं असतं. ते नॉमिनल मिक्स. इथे आयएस १०२६२ (२०१९) ने डिझाइन मिक्स करायचं. एम२५ घे. आधी टार्गेट मजबुती: २५ + १.६५ × ४ = ३१.६ (४ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन). त्याच कोडात दुसरी वाटही आहे, २५ + ५.५ = ३०.५. दोन्हींतलं मोठं घ्यायचं, म्हणजे ३१.६. बरेच जण पहिलं काढून पुढे जातात आणि तुलना लिहीतच नाहीत, तिथे मार्क जातात. पाणी: २० मिमी खडी आणि ५० मिमी स्लम्पला (ताजं काँक्रीट किती खाली बसतं ते) १८६ लिटर, पुढे स्लम्प दर २५ मिमीने वाढला की ३ टक्के जास्त. १०० मिमी स्लम्पला ६ टक्के, म्हणजे १९७ लिटर. मग वॉटर-सिमेंट रेशो ठरव, त्यावरून सिमेंट, आणि ते आयएस ४५६ मधल्या किमान सिमेंटपेक्षा कमी येत नाही ना ते तपास.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. कागदावरच्या डिझाइनमध्ये वाळू पृष्ठभाग-कोरडी धरलेली असते, ढिगातली वाळू ओली असते. एका बॅगेचा हिशेब: सिमेंट ५० किलो, रेशो ०.५०, पाणी २५ लिटर, वाळू १०० किलो. वाळूत ४ टक्के मोकळं पाणी असेल तर तिच्यातूनच ४ लिटर आत आलं. तरी मोजून २५ लिटर ओतलं तर प्रत्यक्षात २९ लिटर झालं आणि रेशो गेला ०.५८ वर. घालायचं होतं २१ लिटर, आणि वाळू ४ किलो जास्त, कारण मोजलेल्या १०० किलोत तेवढं पाणीच होतं. खडी कोरडी ठणठणीत असेल तर उलटा हिशेब, ती पाणी पिते. क्रश सँड वापरत असाल तर १५० मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग बघ. दगडाच्या क्रश सँडला आयएस ३८३ (खडी-वाळूचं मानक) तो २० टक्क्यांपर्यंत चालवतं, पण ती धूळ पाणी मागते. स्लम्प बसत नाही म्हणून मिक्सरवर पाणी वाढवलं जातं आणि क्यूब चाचणीत नापास झाले की दोष सिमेंटला.

क्यूब भरताना १५० मिमीच्या साच्यात ५० मिमीचे तीन थर, प्रत्येकाला १६ मिमीच्या रॉडचे ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी साचा खोलून २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात. मशीनवर ठेवताना भरतीचं तोंड (थापीने घोटलेलं) वर किंवा खाली येता कामा नये, ते बाजूला. घोटलेलं तोंड सपाट नसतं, भार उंचवट्यांवरच बसतो आणि क्यूब लवकर फुटतो. भार वाढवायचा वेग मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे या क्यूबला सेकंदाला सव्वापाच किलोन्यूटन. ६०० किलोन्यूटनला फुटणारा क्यूब जवळपास दोन मिनिटं घेतो. तीस सेकंदांत उरकला तर आकडा फुगतो.

निकाल लिहिताना तिन्हींची सरासरी काढून थांबू नकोस. समजा २६.४, २७.९ आणि २०.५ आले. सरासरी २४.९. सरासरीच्या १५ टक्के खाली म्हणजे २१.२. तिसरा क्यूब त्याच्याही खाली, म्हणून हा नमुनाच ग्राह्य नाही. "तिसरा सोडून दोनांची सरासरी" असं जर्नलमध्ये लिहिलंस तर ओरलला तिथूनच सुरुवात होईल.

---

व्हीनॉच

शेषपद, व्हेक्टर कॅल्क्युलस शेवटी ठेवा म्हणालात ते सिव्हिलच्या या सत्रात पटत नाही. फ्लुइडमध्ये कायनेमॅटिक्सला डायव्हर्जन्स आणि कर्ल लगेच लागतात, फक्त तिथे त्यांना कंटिन्युइटी आणि रोटेशन म्हणतात. यू = २एक्स, व्ही = −२वाय (एक्स आणि वाय दिशेचे वेग) हा प्रवाह घ्या. यू चं एक्सने आणि व्ही चं वायने पार्शल डेरिव्हेटिव्ह, बेरीज २ − २ = ०, म्हणजे प्रवाह शक्य आहे. स्ट्रीम फंक्शन २एक्सवाय. एवढं आलं की तो धडा निम्मा झाला, आणि एम-थ्रीचा तेवढा भागही ओळखीचा होतो. एलडीई आणि हे दोन्ही समांतर चालू दे.

फ्लुइडच्या लॅबमध्ये सूत्र चुकत नाही, रीडिंग चुकतं. व्हेंच्युरीमीटरच्या (नळीतला प्रवाह मोजायचं उपकरण) मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर कोएफिशिएंट (प्रत्यक्ष प्रवाह भागिले सूत्राचा प्रवाह) ०.९७-०.९८ च्या जवळ यायच्या ऐवजी हिशेबात १ च्या वरही निघू शकतो. असं झालं की खरा कोएफिशिएंट १ च्या वर जाऊच शकत नाही हे ध्यानात घेऊन नळ्यांतली हवा काढा आणि परत घ्या, आकडे "बसवू" नका. व्ही-नॉचला (पाणी जायची व्ही आकाराची खाच) प्रवाह हेडच्या, म्हणजे खाचेच्या टोकावरच्या पाण्याच्या उंचीच्या, अडीचाव्या घातात असतो. १०० मिमी हेड वाचताना २ मिमी चुकलं, म्हणजे २ टक्के, तर प्रवाहात ५ टक्के चूक. म्हणून हुक गेजचं (पाण्याची पातळी मोजायचं साधन) शून्य नॉचच्या टोकाशी नीट जुळवून घ्यायचं, आणि हेड नॉचपाशी नाही, थोडं मागे, जिथे पाण्याचा पृष्ठभाग अजून खाली वाकलेला नाही तिथे मोजायचं.

जिऑलॉजीला महाराष्ट्रातल्या मुलांनी एक लक्षात ठेवावं. ओरलला बेसॉल्टचे नमुने हमखास असतात: कॉम्पॅक्ट आणि अमिग्डलॉइडल. दुसऱ्यात वायूच्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइटसारख्या खनिजांनी भरलेल्या दिसतात. दोन लाव्हाथरांमधला लालसर थर, रेड बोल, ओला-सुका झाला की भुसभुशीत होतो. पायाखाली किंवा बोगद्यात तो आला तर काय करायचं, हा ठरलेला प्रश्न.

---

रिव्हिजनक्लाउड

तिसरा प्रश्न कोणीच घेतला नाही. स्टॅड आत्ता नको. तुळईने वर दिलेलं अर्ध्या भाराचं गणित स्टॅडमध्ये टाकलं तर ५०.६ लगेच येईल, पण आधार चुकून दोन्हीकडे फिक्स्ड दिला तर तेवढ्याच आत्मविश्वासाने दुसराच आकडा येईल, आणि हाताने काढता येत नसेल तर तो चुकीचा आहे हे कळणार नाही. ते क्लास तिसऱ्या वर्षी, स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस झाल्यावर. ऑटोकॅड डिप्लोमाला झालंय, ते गंजू देऊ नका, तेवढं पुरे. हात शिवशिवतच असतील तर एक्सेलमध्ये मिक्स डिझाइनची शीट बांधा: ओलाव्याची टक्केवारी बदलली की पाणी-वाळू आपोआप बदलली पाहिजे. टार्गेटच्या दोन वाटांतलं मोठं निवडायला एक मॅक्सचं फंक्शन. ती शीट बांधताना क्यूबमोल्ड यांची वरची अख्खी पोस्ट डोक्यात बसते.

---

थेट_दुसऱ्यात

सगळ्यांचे आभार. सॉमचं अर्ध्या भाराचं गणित मीही ४५ च काढलं होतं.

सर्व्हेचं राहिलं. लेव्हलिंगचं पहिलं प्रॅक्टिकल झालं, हाइट ऑफ इन्स्ट्रुमेंट पद्धतीने. बेंचमार्क (उंची माहीत असलेला बिंदू) १००.०००. बॅकसाइट (सेटअपवरचं पहिलं रीडिंग) १.५२५. मग इंटरमीजिएट २.३१० आणि ०.८४५. चेंज पॉइंटला (जिथून लेव्हल हलवली) फोरसाइट (सेटअपवरचं शेवटचं रीडिंग) २.६७५, तिथे नवीन बॅकसाइट ०.९६०, शेवटची फोरसाइट १.४३०. माझ्या वहीत ०.८४५ च्या जागेचा आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे उंची) १००.७८० आहे, जोडीदाराच्या वहीत १००.६८०. दोघांचाही शेवटचा चेक जुळतो. मग बरोबर कोण?

---

पट्टीधर

जोडीदार बरोबर. आणि चेक दोघांचा जुळतोय यात नवल काही नाही, त्या चेकने तुझी चूक पकडली जातच नाही.

पहिली हाइट १००.००० + १.५२५ = १०१.५२५. त्यातून २.३१० वजा: ९९.२१५. ०.८४५ वजा: १००.६८०. तू वजाबाकीत हातचा चुकलास. चेंज पॉइंट १०१.५२५ − २.६७५ = ९८.८५०. नवी हाइट ९९.८१०, शेवट ९८.३८०. चेक: बॅकसाइटची बेरीज २.४८५, फोरसाइटची ४.१०५, फरक −१.६२०. शेवटचा आरएल वजा पहिला, तोही −१.६२०. या सगळ्यात ०.८४५ कुठे आलं? कुठेच नाही. हाइट ऑफ इन्स्ट्रुमेंटमध्ये इंटरमीजिएट साइट चेकमध्ये शिरतच नाहीत.

हेच राइज अँड फॉलने (प्रत्येक रीडिंगचा आधीच्याशी चढ-उतार) कर: १.५२५ वरून २.३१० म्हणजे फॉल ०.७८५. २.३१० वरून ०.८४५, राइज १.४६५. ०.८४५ वरून २.६७५, फॉल १.८३०. नव्या सेटअपवर ०.९६० वरून १.४३०, फॉल ०.४७०. राइज १.४६५, फॉलची बेरीज ३.०८५, फरक परत −१.६२०. इथे प्रत्येक रीडिंग साखळीत आहे. राइज १.४६५ चा १.५६५ झाला असता तर फरक −१.५२० आला असता आणि चूक तिथेच दिसली असती. तरी कॅनॉल किंवा रस्त्याच्या प्रोफाइलला, जिथे एका सेटअपवरून वीस-वीस इंटरमीजिएट असतात, तिथे लोक हाइट ऑफ इन्स्ट्रुमेंट वापरतात कारण ती झटपट होते, आणि इंटरमीजिएटची वजाबाकी दुसऱ्याकडून तपासून घेतात. अर्थात मुळात स्टाफच चुकीचा वाचला असेल तर कुठलीच पद्धत वाचवत नाही.

फील्डवर पुढच्या वेळी एवढं बघ. आयपीसमधून आधी क्रॉसहेअर स्पष्ट कर, पांढरा कागद भिंगापुढे धरून. मग स्टाफ (उभी मोजपट्टी) फोकस कर. डोकं वरखाली हलवून क्रॉसहेअर स्टाफवर सरकते का बघ. सरकत असेल तर पॅरॅलॅक्स आहे, परत फोकस. स्टाफ धरणाऱ्याला तो सरळ धरायला सांग. तिरका स्टाफ नेहमी जास्त वाचतो: ३ मीटरचं रीडिंग आणि ५ अंश झुकाव असेल तर ११ मिमी जास्त. म्हणून स्टाफ हळूच पुढे-मागे झुलवून सगळ्यात कमी रीडिंग घेतात. शक्य तिथे बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरं सारखी ठेव. कोलिमेशनची चूक (दुर्बिणीची नजर आडवी नसणं), पृथ्वीची वक्रता, रिफ्रॅक्शन, तिन्ही एकमेकांतून वजा होतात.

तुमच्या लॅबच्या लेव्हलवर विश्वास किती ठेवायचा ते टू-पेग टेस्टने कळतं. ६० मीटरवर दोन खुंट्या. लेव्हल बरोबर मध्ये: समजा ए वर १.४२०, बी वर १.६५५. खरा फरक ०.२३५. आता लेव्हल ए जवळ ने: ए वर १.५१०, तर बी वर १.७४५ दिसायला हवं. १.७६३ दिसलं तर ६० मीटरला १८ मिमी वर बघतंय. असं उपकरण फील्डवर न्यायचं नाही, आणि नाइलाजाने न्यावंच लागलं तर अंतरं सारखी ठेवल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही.

---

थेट_दुसऱ्यात

सापडली. १०१.५२५ मधून ०.८४५ वजा करताना हातचा राहिला होता. एकच शंका: ओरलला विचारतात म्हणे, तुळईच्या खालच्या बाजूचा आरएल काढायचा असेल तर स्टाफ उलटा धरतात. तेव्हा वहीत काय लिहायचं?

---

पट्टीधर

स्टाफचं शून्य वर, तुळईच्या तळाला टेकवायचं. रीडिंग समजा २.१२० आलं तर वहीत उणे चिन्हाने लिही: −२.१२०, आणि शेऱ्यात "इन्व्हर्टेड". हाइट ९९.८१० असेल तर आरएल ९९.८१० − (−२.१२०) = १०१.९३०. राइज-फॉलमध्येही चिन्हासकटच वापर. चिन्ह विसरलं की तुळई जमिनीखाली जाते.